मॉडेल छान आहे, पण पंचवीस गाड्या कुठे गेल्या?

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

मागे आवाज येतोय ना? तो इफेक्ट नाहीये, खराखुरा समुद्र आहे. मी आत्ता आरे-वारेला बसलेय. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला सागरी रस्त्याने जाताना जो घाट लागतो, जिथे प्रत्येक जण गाडी थांबवून फोटो काढतो, तिथेच. एका बाजूला आरे, दुसऱ्या बाजूला वारे, मधे डोंगराची सोंड आणि खाली सुरूचं बन.

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ही काय इतिहासाची गोष्ट आहे का? विषय आहे विद्यार्थ्यांची सिम्युलेशन स्पर्धा आणि त्या स्पर्धेत राबणारे व्हॉलंटियर. म्हणजे बक्षीस घेणारे नाहीत. खुर्च्या लावणारे, वेळ मोजणारे, पेनड्राइव्ह गोळा करणारे.

कारण सांगते. गेल्या वर्षी कोकणातल्याच एका कॉलेजात अशी स्पर्धा होती. मैत्रिणीने मला व्हॉलंटियर म्हणून ओढून नेलं. तिथे मला एक चूक दिसली, आणि ती दिसूनही मी वीस मिनिटं गप्प बसले. ती चूक काय होती आणि मी गप्प का बसले, ते शेवटाकडे सांगते. पण त्यानंतर मी घरी येऊन वाचत बसले, की हे सिम्युलेशन प्रकरण आलं कुठून. आणि मला एक गंमत सापडली. ह्या सगळ्या इतिहासात हुशार लोकांची नावं आहेत, यंत्रं आहेत, कॉम्प्युटर आहेत. पण प्रत्येक वेळी गोष्ट सावरलीय ती कुणीतरी शांतपणे मोजून, ताडून पाहिल्यामुळे.

चला, आधी साधा प्रश्न. सिम्युलेशन म्हणजे काय?

जयगड आणि तवसाळच्या मधे फेरीबोट चालते, माहितीये ना? इकडे रत्नागिरी तालुका, पलीकडे गुहागर, मधे शास्त्री नदीची खाडी. आता समजा तुम्हाला कुणी विचारलं, की मे महिन्यातल्या रविवारी संध्याकाळी धक्क्यावर गाडीला सरासरी किती वेळ थांबावं लागेल? एक उपाय म्हणजे दहा रविवार तिथे जाऊन बसायचं. दुसरा उपाय, कागदावर किंवा कॉम्प्युटरवर एक खोटा धक्का बनवायचा. खोट्या गाड्या येतात, कधी पटापट, कधी रेंगाळत. बोट येते, ठरावीक गाड्या घेते, जाते, परत येते. हा खोटा रविवार तुम्ही हजार वेळा चालवून बघू शकता. दुसरी बोट घातली तर काय होईल, हेही पाहता येतं, तेही बोट विकत न घेता. हे सिम्युलेशन. आणि तो खोटा धक्का म्हणजे मॉडेल.

आता तुमचा मोबाइल काढा. आजची भरती किती वाजता आहे, शोधा. मिळाली? आजचीच कशाला, पुढच्या वर्षीच्या गणेशचतुर्थीचीही मिळेल. समुद्राने अजून जे केलेलं नाही, ते मोबाइलला कसं कळलं? ही गोष्ट कॉम्प्युटरच्या खूप आधी सुरू होते.

१८७० च्या दशकात ब्रिटनमध्ये विल्यम थॉमसन नावाचे शास्त्रज्ञ होते. पुढे ते लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेले. त्यांनी पितळी चाकांचं एक यंत्र बनवलं. कल्पना अशी: भरती-ओहोटी ही एकच गोष्ट नाही, अनेक छोट्या तालांची बेरीज आहे. एक ताल चंद्राचा, साधारण १२ तास २५ मिनिटांचा. एक सूर्याचा, बरोबर १२ तासांचा. हे दोन जुळले की उधाण, एकमेकांविरुद्ध गेले की भांग. आपल्या मच्छीमारांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. त्याशिवाय चंद्र जवळ-लांब होतो त्याचा वेगळा ताल, उत्तर-दक्षिण सरकतो त्याचा आणखी वेगळा. थॉमसनच्या यंत्रात प्रत्येक तालासाठी एक चाक, आणि सगळ्या चाकांवरून गेलेली एकच दोरी. चाकं फिरली की दोरी सगळ्यांची बेरीज करते आणि टोकाची पेन्सिल कागदावर भरतीची रेघ काढते. काही तास हँडल फिरवलं, की वर्षभराची भरती तयार.

पहिल्या यंत्रात असे दहा ताल होते. आणि १८७९ मध्ये खास भारतातल्या बंदरांसाठी त्याहून मोठं यंत्र बनलं, एडवर्ड रॉबर्ट्स ह्यांच्या देखरेखीखाली, लंडनमध्ये. म्हणजे आपल्या किनाऱ्याची भरती लंडनमधल्या एका खोलीत, पाणी न बघता, चाकं फिरवून काढली जायची. सिम्युलेशनच की हे! फक्त पितळेतलं.

पण थांबा. कुठलं चाक किती मोठं ठेवायचं, हे कोण सांगणार? ते गणितातून नाही येत. ते त्या त्या बंदरावर मोजावं लागतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ए. डब्ल्यू. बेअर्ड हे अधिकारी ह्या कामाचे प्रमुख होते. आधी कच्छच्या आखातात, मग एकेका बंदरात भरती मोजायची यंत्रं बसवली गेली. मुंबईच्या अपोलो बंदरावरचं मोजमाप १८७८ पासूनचं. एका नळीत तरंगता गोळा, त्याला जोडलेली पेन्सिल, आणि घड्याळावर फिरणारा कागदाचा रूळ. हे यंत्र आपलं आपण चालतं असं वाटतं, पण तसं नसतं. कुणीतरी रोज जाऊन घड्याळाची वेळ जुळवायची, कागद बदलायचा, पेन्सिल अडकली तर सोडवायची, शेजारच्या खुणेच्या पट्टीवर पाणी खरंच तेवढंच आहे का ते बघायचं. हे काम करणाऱ्यांचं नाव कुठल्याही यंत्रावर कोरलेलं नाही. पण त्यांनी एक दिवस आळस केला असता, तर लंडनमधली ती सुंदर चाकं बिनदिक्कत चुकीची भरती काढत बसली असती. कारण यंत्राला चूक कळत नाही. ते फक्त फिरतं.

आणि मग आला ऑगस्ट १८८३. इंडोनेशियात क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला. समुद्रात लाटा उठल्या आणि हिंदी महासागर ओलांडून भारतापर्यंत आल्या. यंत्राने छापलेल्या भरतीच्या तक्त्यात ह्याचा काही मागमूस नव्हता. कसा असणार? चाकं चंद्र-सूर्याची होती, ज्वालामुखीचं चाक कुणी बसवलंच नव्हतं. पण बंदरांवरच्या कागदी रुळांवर मात्र त्या लाटा उमटल्या. रोजच्या गुळगुळीत रेघेत मधेच दातेरी थरथर. बेअर्ड ह्यांनी भारतीय बंदरांवरच्या त्या नोंदी गोळा केल्या आणि १८८४ मध्ये त्यावर अहवाल प्रसिद्ध केला.

हे नीट लक्षात घ्या, कारण आजच्या भागाची मेख इथेच आहे. मॉडेल तेवढंच सांगतं, जेवढं आपण त्याला शिकवलंय. बाकीचं कळायला कुणीतरी पाण्याजवळ उभं असावं लागतं.

आता दुसरी गोष्ट. पहिलं महायुद्ध, फ्रान्सची आघाडी. लुईस फ्राय रिचर्डसन नावाचा एक माणूस जखमी सैनिकांची अँब्युलन्स चालवतोय. तो युद्धविरोधी होता, म्हणून बंदूक न घेता अँब्युलन्स पथकात गेलेला. आणि मधल्या वेळात तो काय करतोय? हवामानाचा अंदाज. हाताने. आकडेमोड करून.

त्याने २० मे १९१० ह्या दिवसाची युरोपभरची मोजमापं घेतली आणि पुढच्या सहा तासांत हवेचा दाब कसा बदलला असेल, ते गणिताने काढायचं ठरवलं. सहा तासांच्या अंदाजाला सुमारे सहा आठवडे लागले. आणि उत्तर? दाब सहा तासांत १४५ हेक्टोपास्कलने वाढेल. खरं तर त्या दिवशी दाब जवळपास जागचा हललाच नव्हता. सणसणीत चूक.

तुम्ही त्याच्या जागी असता तर? मी तर तो कागद फाडून टाकला असता. वर आणखी, युद्धाच्या धांदलीत त्याचं हस्तलिखितच हरवलं, आणि पुढे काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. म्हणजे नशिबानेही सांगितलं होतं, की जाऊ दे बाबा! पण १९२२ मध्ये त्याने पुस्तक छापलं, त्या चुकलेल्या उत्तरासकट, प्रत्येक पायरी उघडी ठेवून. म्हणूनच पुढच्या लोकांना शोधता आलं, की त्याची पद्धत चुकीची नव्हती. सुरुवातीला घातलेल्या आकड्यांमध्ये असमतोल होता. चूक लपवली असती तर ती दुरुस्तही झाली नसती.

त्याच पुस्तकात त्याने एक स्वप्न लिहिलंय. एक प्रचंड गोल नाट्यगृह, भिंतींवर जगाचा नकाशा, आणि आपापल्या प्रदेशाची आकडेमोड करणारे ६४ हजार लोक. मधे उंच चौथऱ्यावर एक जण. जे पुढे पळतायत त्यांच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, जे मागे पडलेत त्यांच्यावर निळा. सगळ्यांनी एका तालात जावं म्हणून. मला हे वाचताना हसूच आलं. कारण हातात झेंडा घेऊन टीमना ‘पंधरा मिनिटं राहिली!’ असं ओरडत मी हेच करत होते.

१९५० मध्ये एनिॲक ह्या अमेरिकन कॉम्प्युटरवर पहिले यशस्वी हवामान-अंदाज निघाले. २४ तासांच्या अंदाजाला साधारण २४ तासच लागायचे. म्हणजे उद्या येईपर्यंत उद्याचा अंदाज तयार! पण सुरुवात झाली होती.

आता जरा घराजवळ येऊ. हवेचं गणित आकड्यांत झालं, पण नदी आणि बंदराचं मॉडेल चक्क वाळू-सिमेंट-पाण्यात बनवतात, आणि त्यातली देशातली मोठी जागा आपल्या पुण्याजवळ आहे. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था. तिची सुरुवात १९१६ मध्ये मुंबई प्रांताच्या पाटबंधाऱ्यांच्या कामातून झाली. तिथे नद्यांची, धरणांची, बंदरांची छोटी रूपं बनवतात आणि त्यात पाणी सोडून बघतात.

ह्यात एक मजेदार हिशेब आहे. लांबी-रुंदी-खोली सगळं शंभरपट छोटं केलं, तर वेळ शंभरपट नाही, दहापट आक्रसतो. शंभराचं वर्गमूळ दहा, म्हणून. म्हणजे आरे-वारेची सव्वाबारा-साडेबारा तासांची भरती-ओहोटी अशा मॉडेलमध्ये सुमारे सव्वा तासात उरकेल. हा नियम विसरून कुणी घड्याळ नेहमीचंच लावलं, तर मॉडेल दिसायला झकास, लाटाही येतील, पण उत्तर चुकीचं. आणि चुकीच्या उत्तरावर लाटारोधक भिंत बांधली, तर भोगणार कोण? ज्याची होडी त्या भिंतीमागे नांगरलीय तो.

बरं, आता रांगेच्या गोष्टीकडे, म्हणजे जयगडच्या धक्क्याकडे परत. १९४६ मध्ये स्टॅनिस्लॉ उलाम नावाचे गणितज्ञ आजारातून उठत होते. वेळ जाईना म्हणून एकट्याने पत्ते खेळत बसायचे. त्यांना प्रश्न पडला, हा डाव सुटण्याची शक्यता किती? गणित फार किचकट. मग त्यांना सुचलं, की डाव शंभर वेळा लावून किती वेळा सुटतो ते मोजलं तर? हीच ती मॉन्टे कार्लो पद्धत. नशिबाचे फासे पुन्हा पुन्हा टाकायचे आणि मोजायचं. लवकरच एनिॲकवर ह्या पद्धतीने आकडेमोड सुरू झाली, आणि त्या प्रोग्रामच्या कामात क्लारा फॉन नॉयमन ह्यांचा मोठा वाटा होता.

१९६१ मध्ये आयबीएममध्ये जेफ्री गॉर्डन ह्यांनी रांगांच्या सिम्युलेशनसाठी खास भाषा आणली. आणि त्याच दशकात नॉर्वेत क्रिस्टन न्यूगार्ड आणि उले-युहान डाल ह्यांनी ‘सिम्युला’ बनवली. कॉम्प्युटरवाल्या मित्रांनो, तुम्ही परीक्षेला ‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’ पाठ करता ना? ते मुळात इथून आलं. खोट्या गाड्या, खोट्या बोटी, खोटे कारखाने कॉम्प्युटरमध्ये मांडायचे होते, म्हणून ‘ऑब्जेक्ट’ लागले. तुमचं जावा आणि पायथन ह्याच घराण्यातलं.

पण ह्या सगळ्याची स्पर्धा कशी झाली?

अमेरिकेत पटनम नावाची गणिताची जुनी स्पर्धा आहे, १९३८ पासूनची. एकट्याने बसायचं, पुस्तक नाही, मदत नाही. इतकी अवघड, की कित्येक वर्षी अर्ध्याअधिक मुलांना शून्य किंवा एक गुण मिळतो. बेन फुसारो ह्या प्राध्यापकांना वाटलं, खरं काम असं कुठे चालतं? म्हणून १९८५ मध्ये गणिती मॉडेलिंगची वेगळी स्पर्धा सुरू झाली. तिघांची टीम. काही दिवसांची मुदत. पुस्तकं उघडी. प्रश्न खऱ्या जगातला, आणि एकच एक बरोबर उत्तर नाही. आज तिथे जगभरातून हजारो टीम उतरतात.

आता विचार करा. एकच उत्तर असेल तर पेपर तपासणं सोपं. पण प्रत्येक टीमचं उत्तर वेगळं असेल तर? मग परीक्षकाला विचार वाचावा लागतो. ह्या स्पर्धेत पेपरवर कॉलेजचं नाव लिहायला बंदी आहे, फक्त नंबर. आणि पहिल्या फेरीत एकाच पेपरावर एकाहून जास्त परीक्षकांची नजर जाते. म्हणजे स्पर्धा जितकी मोकळी, तितकी तपासणारी माणसं जास्त लागतात. मोकळ्या स्पर्धेचा खरा खर्च तो आहे.

महाराष्ट्रातही हे घडलंय. मुंबईत १९९६ ला आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड झालं, २०१५ ला भौतिकशास्त्राचं, आणि २०२५ ला खगोलशास्त्राचं. अशा ऑलिंपियाडमध्ये प्रश्नपत्रिका आदल्या रात्री देशोदेशीच्या भाषांत भाषांतरित होते. मग ती छापायची, पाकिटात भरायची, बरोबर मुलाच्या बरोबर टेबलावर पोचवायची. गटागटाबरोबर फिरणारी मुलं-मुली असतात, ती वेगळीच. टीव्हीवर पदकं दिसतात, ही रात्र दिसत नाही.

सिम्युलेशनच्या सगळ्यात जवळचं उदाहरण आयआयटी मुंबईचं. तिथे ‘फॉसी’ नावाचा प्रकल्प आहे, सगळ्यांना फुकट आणि खुली सॉफ्टवेअर वापरता यावीत म्हणून. महागड्या परदेशी सॉफ्टवेअरचं लायसन्स छोट्या गावातल्या कॉलेजला कुठून परवडणार? त्यावरचा हा उपाय. त्यांनी विद्यार्थ्यांना एक काम दिलं. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं घ्या, ती सायलॅब ह्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये करा, आणि उत्तर पुस्तकाशी जुळतं का ते दाखवा. देशभरातल्या मुलांनी अशी पुस्तकंच्या पुस्तकं पूर्ण केली. रसायन कारखान्यांची सिम्युलेशन, इलेक्ट्रॉनिक सर्किटची सिम्युलेशन, असंही काम चालतं. २०२१ मध्ये त्यांच्याच ई-सिम सॉफ्टवेअरवर सर्किट सिम्युलेशनची मॅरेथॉन स्पर्धा झाली. पण मला आवडलेली गोष्ट म्हणजे तपासणी. पाठवलेलं काम आधी कुणीतरी चालवून बघतं. चालत नसेल, जुळत नसेल, तर परत येतं. ‘दिसायला छान’ला तिथे गुण नाहीत.

आता माझी गोष्ट. वीस मिनिटांची.

त्या स्पर्धेत प्रश्न फेरीबोटीचाच होता. आकडे स्पर्धेसाठी बनवलेले. सुट्टीची संध्याकाळ, धक्क्यावर २१२ गाड्या येतात, थांबायचा वेळ कमी करा. एका टीमचं मॉडेल बघून हॉल थक्क झाला. ॲनिमेशन काय, रंगीत गाड्या काय, बोटीचा भोंगासुद्धा! सरासरी थांबा फक्त सहा मिनिटं. परीक्षक खूश. पहिला नंबर ठरल्यातच जमा.

माझं काम फक्त वेळ लावायचं आणि प्रत्येक टीमची शेवटची स्क्रीन कागदावर उतरवायचं. मला कोडिंग येत नाही. पण मी आईच्या खानावळीच्या गल्ल्यावर वाढलेय. किती ताटं गेली, किती पैसे आले, किती उधार राहिले, हे रात्री जुळलंच पाहिजे. तर मी सवयीने बेरीज केली. आलेल्या गाड्या २१२. पार झालेल्या १७१. रांगेत उभ्या १६. म्हणजे १८७. पंचवीस गाड्या कुठे गेल्या?

खाडीत पडल्या नसतील ना!

मी पुन्हा बेरीज केली. तेच. आणि मग मी गप्प बसले. का? कारण परीक्षक मोठे, मी खुर्च्या लावणारी. टीमची मुलं एकमेकांना टाळ्या देत होती. वाटलं, काहीतरी तांत्रिक असेल, आपल्याला काय कळतंय! उगाच कशाला कुणाच्या आनंदात मिठाचा खडा? वीस मिनिटं मी तो कागद घडी करत, उघडत बसले.

शेवटी समन्वयक मॅडमकडे गेले. म्हटलं, “मॅडम, एक विचारू का? हिशेब लागत नाहीये.” त्यांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, मग इतका वेळ काय करत होतीस?”

निकाल थांबवला. टीमला बोलावलं. मुलांनी कोड उघडला आणि दोन मिनिटांत सापडलं. रांगेची कमाल लांबी तीस ठेवली होती. एकतिसावी गाडी आली, की प्रोग्राम तिला गुपचूप पुसून टाकायचा. म्हणजे ज्या लोकांना सगळ्यात जास्त थांबावं लागलं असतं, नेमके तेच हिशेबातून गायब. म्हणून सरासरी इतकी गोड! मर्यादा काढून परत चालवलं, तर थांबा सहावरून एकोणीस मिनिटांवर गेला.

त्यातली एक मुलगी रडायला लागली. मला इतकं वाईट वाटलं, काय सांगू. पण मग तीच उठली. हॉलसमोर उभी राहून म्हणाली, “आमचं मॉडेल चुकत होतं. कुठे, ते दाखवते.” आणि तिने ते सगळ्यांना दाखवलं. त्यांना पहिला नंबर मिळाला नाही. पण त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं भाषण तेच होतं. परीक्षक नंतर स्वतः माझ्याकडे आले आणि म्हणाले, “माझ्या नजरेतून सुटलं होतं.” इतकं सरळ बोलणं मला अपेक्षित नव्हतं.

मग आम्ही गुणांचा तक्ता काढून बघितला. सादरीकरणाला ३० गुण. आणि ‘मॉडेल खरं आहे हे कसं तपासलं?’ ह्याला? शून्य. तो रकानाच नव्हता. म्हणजे चूक त्या मुलांची एकट्याची नव्हती. आम्ही त्यांना रंग मागितला, त्यांनी रंग दिला. उद्या हीच मुलं पुलांचं, धरणांचं, हॉस्पिटलच्या रांगांचं मॉडेल करणार. पहिल्याच स्पर्धेत आम्ही त्यांना शिकवत होतो, की छान दिसलं की झालं.

ह्या वर्षीच्या तक्त्यात पडताळणीला २५ गुण आहेत. मला परत बोलावलंय आणि मी जातेय. तुमच्याही आसपास अशी एखादी स्पर्धा, हॅकेथॉन, विज्ञान प्रदर्शन असेल. त्यांना माणसं हवीच असतात. कोडिंग येत नसलं तरी जा. आणि तीन प्रश्न खिशात घेऊन जा. एक: जेवढं आत गेलं तेवढं बाहेर आलं का, हिशेब लागतो का? दोन: हे एकदाच चालवलं की पुष्कळ वेळा? एकदा टाकलेल्या फाशावर काही ठरत नसतं. तीन: खऱ्या जागेवर जाऊन कुणी मोजलंय का? जयगडच्या धक्क्यावर उभं राहिलंय का कुणी? हे विचारायला डिग्री लागत नाही. धीर लागतो, तोही वीस मिनिटांच्या आतला.

आता मला उठायला हवं, ऊन उतरलंय. जाता जाता इथलीच एक गोष्ट सांगते. इथून वरून समुद्र बघितला, की लाटा फुटताना पांढऱ्या रेघा दिसतात. मधेच एखादा पट्टा दिसतो, जिथे लाट फुटत नाही. पाणी शांत, गडद. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, पोहायला हीच जागा बरी. पण बऱ्याचदा तिथेच ओढ असते. किनाऱ्यावर आलेलं पाणी त्याच वाटेने जोरात परत आत जातं. ह्या किनाऱ्यावर पर्यटक बुडाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. वाचवतो तो कोण? वेळेवर ‘ओ दादा, तिथे नका उतरू’ म्हणणारा. त्याच्याकडे मॉडेल नसतं. पण तो इथे रोज उभा असतो आणि तो गप्प बसत नाही.

ती सहा मिनिटांची सरासरीही अशीच होती. शांत, गडद, छान.

तर मंडळी, तुम्ही कधी कुठे व्हॉलंटियर म्हणून राबलायत, आणि तिथे काय दिसलं, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवेन. आणि आरे-वारेला आलात तर फोटो वरून काढा, पाण्याला लांबूनच नमस्कार करा. भेटूच!